सीरम प्रथिनांचे विलगीकरण

रक्त गोठू दिले आणि गुठळी बाजूला केली की उरणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम, अर्थात रक्तरस. त्यातील प्रथिने वेगळी करून ओळखणे हे प्रोटिओमिक्समधील, म्हणजे प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासातील, फार चिवट काम आहे, आणि त्याला कारण प्रथिनांच्या प्रमाणातील विषमता.

लिटरभर सीरममध्ये साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे प्रतिपिंडे), ट्रान्सफेरिन, हॅप्टोग्लोबिन अशी आणखी वीसेक प्रथिने धरली की वजनाने जवळपास ९९ टक्के हिशेब संपतो. रोगाची चाहूल देणारी बहुतेक प्रथिने उरलेल्या टक्क्यात असतात. निरोगी माणसात अल्ब्युमिन मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम, तर इंटरल्युकिन-६ हे दाहाशी संबंधित संदेशवाहक प्रथिन काही पिकोग्रॅम (ग्रॅमचा लाख कोटीवा भाग) असते. म्हणजे फरक हजार कोटी पटींच्या घरात. रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला एका खेपेत एवढा पल्ला झेपत नाही.

स्वीडिश जीवरसायनशास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युतक्षेत्रात सीरमचे अल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे भाग पाडले. तपासणीच्या अहवालांत ही नावे आजही असतात. १९७५ मध्ये द्विमितीय इलेक्ट्रोफोरेसिस आले. त्यात प्रथिने आधी विद्युतभारानुसार, मग आकारमानानुसार जेलवर पसरतात.

आता बहुधा आधी विपुल प्रथिने काढून टाकतात. सिबाक्रॉन ब्ल्यू हा रंग अल्ब्युमिनला धरतो, प्रोटीन-जी हे जिवाणूजन्य प्रथिन प्रतिपिंडांना धरते, आणि विशिष्ट प्रतिपिंडे बसवलेला स्तंभ (भरलेली नळी) एका फेरीत चौदा प्रथिनेही अडवतो. न अडलेल्या प्रथिनांचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करतात, आणि ते द्रव क्रोमॅटोग्राफीतून (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीतून) स्पेक्ट्रोमीटरकडे जातात.

पण अल्ब्युमिन हे वाहक प्रथिन आहे. अनेक छोटी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) त्याला चिकटून असतात आणि त्याच्यासोबत तीही निघून जातात. म्हणून स्तंभाने धरलेला भाग फेकून न देता तोही तपासावा, हेच शहाणपणाचे. अनेक नमुन्यांची तुलना करायची असेल, तर ही गळती प्रत्येक नमुन्यात सारखी आहे ना, हेही पाहावे लागते.

नमुना घेतानाची चूक मात्र पुढे भरून निघत नाही. तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन सीरममध्ये उतरते. गोठण्याचा अवधी नमुन्यागणिक बदलला तर प्लेटलेटमधून सुटणाऱ्या प्रथिनांचे प्रमाणही बदलते. त्यामुळे हा अवधी ठरवून पाळतात आणि सीरमचे छोटे वाटे करून उणे ८० अंश सेल्सियसला ठेवतात, म्हणजे तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवावा लागत नाही.