मूक प्रायोगिक चित्रपट : रसास्वाद आणि शिक्षण

कथा, संवाद आणि बहुतेक वेळा मधल्या मजकुराच्या पाट्याही टाळून केवळ प्रतिमा, हालचाल, प्रकाश आणि संकलनाची लय यांवर उभा राहणारा चित्रपट. यातला ‘मूक’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. बोलपट येण्यापूर्वीचे चित्रपट मूक होते, कारण चित्राबरोबर ध्वनी चालवण्याचे तंत्र अजून रुळले नव्हते. त्यांचे खेळ मात्र शांततेत होत नसत. साथीला वाद्ये असत, आपल्याकडे पेटी-तबला. नंतरच्या काळातले मूक प्रायोगिक चित्रपट ध्वनी हाताशी असताना तो जाणूनबुजून नाकारतात. संवाद नाहीत म्हणून चित्रपट मूक ठरत नाही. ‘पुष्पक’मध्ये (१९८७) कोणी बोलत नाही, पण आवाजांची त्यात रेलचेल आहे.

या प्रवाहाची सुरुवात मुख्यतः चित्रकारांनी केली. जर्मनीत १९२०च्या दशकाच्या आरंभी वाल्टर रुटमान, हान्स रिश्टर आणि स्वीडिश चित्रकार व्हायकिंग एगेलिंग यांनी चौकोन, रेषा, वळणे यांनाच पात्रे मानून छोट्या फिल्म केल्या. पॅरिसमध्ये मान रे या कलावंताने १९२३ साली एका छोट्या चित्रपटाच्या काही भागासाठी कच्च्या (अजून चित्रण न झालेल्या) फिल्मवर मीठ, टाचण्या, खिळे पसरले आणि वरून उजेड टाकला. त्या भागासाठी कॅमेरा लागलाच नाही. पुढच्या वर्षी चित्रकार फेर्नां लेजेने ‘बॅले मेकानिक’ केला. त्यातली एक बाई खांद्यावर ओझे घेऊन जिना चढते आणि वर पोचताच तुकडा पुन्हा सुरुवातीपासून लागतो. ती पुन्हा चढते, पुन्हा चढते. प्रेक्षक आधी हसतो, मग कंटाळतो, मग वैतागतो. त्यानंतर कधीतरी त्याचे लक्ष तिच्या खांद्याच्या झोकाकडे आणि पायाच्या ठेक्याकडे जाते. बाई बाजूला राहते आणि यंत्राच्या दट्ट्यासारखी एक हालचाल उरते. हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) सुरुवातीलाच जाहीर करतो की त्यात पाट्या नाहीत, पटकथा नाही, नट नाहीत. मध्येच धावता घोडा पडद्यावर थिजतो. पाठोपाठ काही चेहरे येतात, तेही स्थिर. मग फिल्मची पट्टी दिसते, ती हाताळणारी संकलक येलिझावेता स्विलोवा दिसते आणि पट्टीवरच्या चौकटीतले मूल एकाएकी हलू लागते, हसते. चित्रपट स्थिर चित्रांचा बनलेला असतो, हे वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवता येते; इथे ते डोळ्यांदेखत घडते.

ध्वनी नाकारण्याचा हट्ट सर्वांत निष्ठेने धरला तो अमेरिकेच्या स्टॅन ब्रॅकेजने. त्याने केलेल्या तीनशेहून अधिक फिल्मपैकी बहुसंख्य मूक आहेत. आवाज आला की डोळा आळशी होतो, असा त्याचा एकंदर पवित्रा होता. ‘मॉथलाइट’ (१९६३) ही जेमतेम तीन-चार मिनिटांची फिल्म त्याने कॅमेऱ्याशिवाय केली. दिव्याशी मरून पडलेल्या पतंगांचे पंख, गवताची पाती आणि पाकळ्या त्याने पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून बसवल्या आणि त्या पट्टीची प्रत काढली. सोळा मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम सेंटीमीटरभर रुंद असते. त्यामुळे लांब पाते एका चौकटीत मावत नाही, पुढच्या कित्येक चौकटींत पसरते. पडद्यावर ते पाते म्हणून दिसतच नाही. शिरा, तपकिरी कडा आणि उजेडाची भोके सपासप निघून जातात. मेलेले पंख असे पुन्हा फडफडतात.

शिक्षणाशी या चित्रपटांचे नाते जुने आहे. मॉस्कोत १९१९ साली स्थापन झालेल्या चित्रपटशाळेत दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह शिकवत असे. कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता, म्हणून जुने तुकडे तोडून-जोडून अभ्यास चाले. नट इव्हान मोझ्झुखिनचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला, की पाहणाऱ्याला त्यावर वेगवेगळे भाव दिसत, हा प्रयोग तिथलाच. मूळ फिल्म टिकलेली नाही आणि चेहऱ्याला जोडलेली दृश्ये नेमकी कोणती, याबद्दलच्या आठवणीही जुळत नाहीत. तरी हा प्रयोग आज मोबाइलवर दहा मिनिटांत करून पाहता येतो, आणि बहुतेकदा तो साधतो.

वर्गातली साधी रीत अशी : फिल्म लहान निवडावी, पाच मिनिटांच्या आतली. आधी काहीही न सांगता दाखवावी. मग मुलांना ‘काय दिसलं’ एवढेच लिहायला लावावे; ‘काय वाटलं’ ते नंतर. ‘उदास बाई’ असे कुणी लिहिले, तर उदास कशावरून, हे विचारावे. मान खाली होती की उजेड कमी होता? इथूनच रसास्वादाला सुरुवात होते. मग तीच फिल्म दोन वेगळ्या संगीतांसह दाखवली, की आपला अर्थ कानाने किती ठरवला जातो ते मुलांना कळते. पाट्या नसल्या की भाषेचा अडसरही राहत नाही. बोलपट आले तेव्हा कर्णबधिर प्रेक्षकांच्या हातून सिनेमा निसटला; या फिल्मसमोर मात्र ऐकू येणारे आणि न येणारे विद्यार्थी एकाच ओळीत बसतात.

भारतात या धर्तीची एक फार लवकरची गोष्ट घडली. लंडनहून कॅमेरा मागवल्यावर दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली ‘अंकुराची वाढ’ चित्रित केली : कुंडीत वाटाणा पेरायचा आणि त्याचे थोडेथोडे चित्रण अनेक दिवस करत राहायचे. पडद्यावर अंकुर बघता बघता वर आला आणि तो वेल पाहून ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) भांडवल उभे राहिले. फाळक्यांचा हेतू कलाप्रयोगाचा नव्हता, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ही फिल्म बसत नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला नमुना शोधावा लागणार नाही. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ही (१९१५) केली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या रसास्वाद अभ्यासक्रमामुळे ‘रसास्वाद’ हा काव्यशास्त्रातला शब्द चित्रपटाच्याही अंगवळणी पडला.

अडचणी दोन आहेत. मूक फिल्म अनेकदा सेकंदाला सोळा किंवा अठरा चौकटींच्या वेगाने दाखवण्यासाठी केलेल्या असतात. चोवीसच्या वेगाने चालवल्या की माणसे टुणटुण पळू लागतात आणि लय पार बिघडते. दुसरी अडचण इंटरनेटवरच्या प्रतींची. त्यांवर कुणीतरी पियानो चढवलेला असतो, क्वचित ढोलही. ब्रॅकेजच्या फिल्मला असे करणे म्हणजे लघुचित्राला झगमगती झालर लावणे. अशा वेळी आवाज बंद करून दाखवावे. वर्गात पंख्याची घरघर आणि बाकांची कुरकुर ऐकू येऊ लागते, पहिली दोन मिनिटे मुले एकमेकांकडे बघतात आणि मग पडद्याकडे.