शेरीफची एक सही: २८७(जी) कराराची पार्श्वभूमी

गेले काही महिने आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय. बाजूच्या काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफ म्हणे आइसबरोबर, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन पोलिसांबरोबर, २८७(जी) करार करायच्या विचारात आहे, म्हणजे स्थानिक पोलिसांनीच इमिग्रेशनचं कामही करायचं. लगेच कुणी लिहितं आपण लीगल आहोत, आपल्याला काय फरक पडतो, तर कुणी सांगतं उद्यापासून दूध आणायला जातानाही पासपोर्ट खिशात ठेवा. दोन्हीकडे माहिती अर्धीच आहे. मी बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलिनात केरी-मॉरिसव्हिलच्या पट्ट्यात राहतेय, म्हणजे वेक काउंटीत. हा करार आमच्याकडे दहा वर्षं होता आणि एका निवडणुकीनंतर गेला, ते सगळं डोळ्यासमोर झालंय, म्हणून म्हटलं नीट मागून पुढे लिहून काढते.

भारतातून आलेल्या माणसाला आधी हा प्रश्नच कळत नाही. आपल्याकडे परदेशी माणसाची नोंद जिल्ह्याच्या एसपी ऑफिसात होते, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला चौकीतलाच पोलीस घरी येतो, त्यामुळे पोलीस आणि व्हिसा-पासपोर्टची कामं वेगळी असतात हे आपल्या डोक्यातच नसतं. अमेरिकेत ती मुळापासून वेगळी आहेत. देशात छोट्यामोठ्या मिळून साधारण १८,००० पोलीस यंत्रणा आहेत, गावाचं पोलीस खातं वेगळं, काउंटीचा शेरीफ वेगळा, आणि शेरीफला बहुतेक ठिकाणी लोक मतं देऊन निवडतात, काउंटीचं जेल बहुतेक करून त्याच्या हातात असतं, वॉशिंग्टनमधला कुठलाही मंत्री त्याचा साहेब नाही.

उलट इमिग्रेशन मात्र पूर्ण केंद्राचं. ते कसं झालं त्याची एक जुनी केस आहे. १८७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात चीनहून एक जहाज आलं, त्यातल्या २२ बायकांना कॅलिफोर्नियाच्या राज्य अधिकाऱ्याने नुसतं बघून बदचालीच्या ठरवलं आणि प्रत्येकीमागे ५०० डॉलर सोन्यात जामीन मागितला, नाहीतर उतरू देणार नाही. त्यातली चाय लंग नावाची बाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जिंकली. कोर्टाचं म्हणणं असं की बंदरावरच्या एका माणसाच्या मर्जीमुळे अख्खा देश दुसऱ्या देशाशी भांडणात ओढला जाऊ शकतो, तेव्हा कोण आत येणार हे राज्यांनी ठरवायचं नाही. मला ही केस वाचल्यापासून विसरता येत नाही, कारण नुसतं बघून ठरवणं हा भाग पुढच्या सगळ्या गोष्टीत परत परत येतो.

दुसरी बाजू १९९७ ची. मोंटानातल्या प्रिंट्झ नावाच्या शेरीफने बंदूक विकत घेणाऱ्यांची चौकशी करायच्या केंद्राच्या हुकुमाविरुद्ध केस लढवली, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्र स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. म्हणजे राज्याने परस्पर करायचं नाही आणि केंद्राने जबरदस्ती करायची नाही. मग मधे उरते ती फक्त राजीखुशी, आणि ती राजीखुशी कागदावर आणणारं कलम म्हणजे २८७(जी).

हे कलम १९९६ च्या मोठ्या इमिग्रेशन कायद्यातून आलं, ३० सप्टेंबर १९९६ ला क्लिंटननी सही केली. त्याचा सार एवढाच की स्थानिक पोलीस केंद्राशी लेखी करार करू शकतात, निवडक लोकांना ट्रेनिंग मिळेल, आणि मग ते केंद्राच्या देखरेखीखाली इमिग्रेशनचं काही काम करू शकतील. पण सहा वर्षं कुणीच करार केला नाही. सॉल्ट लेक सिटीत १९९८ मध्ये विचार झाला, चर्चा झाली, आणि कौन्सिलने नको म्हटलं, रंग बघून लोकांना अडवलं जाईल ही भीती तिथे तेव्हाच लोकांनी बोलून दाखवली होती.

आणि भीती काही हवेतली नव्हती. जुलै १९९७ मध्ये अॅरिझोनात चँडलर नावाच्या गावात स्थानिक पोलीस आणि बॉर्डर पेट्रोल, म्हणजे केंद्राचं सीमा दल, पाच दिवस एकत्र फिरले, करार वगैरे काही न करता. बांधकामाच्या साइटवर, ट्रेलर पार्कमध्ये, किराणा घेऊन दुकानातून बाहेर पडणाऱ्यांना थांबवून कागद मागितले. ४३२ लोक पकडून परत पाठवले, पण ज्यांना थांबवलं त्यात अमेरिकेचे नागरिकही होते, पिढ्यानपिढ्या तिथलेच, फक्त दिसायला मेक्सिकन. गावाला शेवटी ४ लाख डॉलर देऊन खटला मिटवावा लागला.

मग ९/११ झालं आणि सगळं फिरलं. हल्ला करणाऱ्यांपैकी काही जणांना आधी साध्या ट्रॅफिकसाठी पोलिसांनी थांबवलं होतं हे बाहेर आलं. एकाला तर हल्ल्याच्या दोनच दिवस आधी मेरीलँडच्या हायवेवर स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं. हल्ल्याचा म्होरक्या मोहम्मद अत्ताला फ्लोरिडात लायसन्स नाही म्हणून तिकीट दिलं होतं. रस्त्यावरच्या पोलिसाला तेव्हा माहिती असती तर, हा प्रश्न कुणालाही पडेल, मलाही पडतो. फ्लोरिडाने २००२ मध्ये पहिला करार केला, ३५ अधिकारी ट्रेन झाले, मुद्दा दहशतवादाचा होता. पुढच्या वर्षी अलाबामा आलं, आणि त्याच वर्षी आइस ही संस्थाच जन्माला आली.

आता आमचं राज्य. इथे जरा थांबते, कारण खरी गोष्ट काय होते ती इथे दिसते.

२००६ मध्ये शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीने करार केला, २००७ मध्ये आमच्या पश्चिमेच्या अलामान्सने, २००८ मध्ये वेकने. त्याच २००६ मध्ये राज्याने आणखी एक नियम बदलला, तो म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना टॅक्स आयडीवर ड्रायव्हिंग लायसन्स मिळायचं ते बंद केलं. हे दोन बदल वेगवेगळे बघितले तर काही वाटत नाही. एकत्र बघा. इथे बस जवळजवळ नाही, कामावर जायचं तर गाडी लागतेच. समजा एखादा माणूस पहाटे साडेपाचला छपरं घालायच्या कामाला निघालाय, पिकअपचा मागचा एक दिवा गेलाय, पोलीस थांबवतो. लायसन्स मागतो, ते दोन वर्षांपूर्वी एक्स्पायर झालेलं आणि आता रिन्यू होतच नाही. तिकीट देऊन सोडायचं की जेलला न्यायचं हे त्या क्षणी त्या पोलिसाच्या हातात. जेलला नेलं की बोटांचे ठसे, फोटो, आणि मग खिडकीपलीकडे बसलेला काउंटीचाच माणूस विचारतो तुझा जन्म कुठला. त्याच्याकडे २८७(जी) चं ट्रेनिंग आहे, समोर केंद्राचा कॉम्प्युटर आहे. मूळ गुन्हा दिव्याचा, पण आता डिटेनर लागला, म्हणजे आइसचा निरोप की याला सुटायच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवा. घरी बायको दुपारी फोन लावत राहते.

हे जेलमधलं मॉडेल. कागदावर ते अगदी निरुपद्रवी दिसतं, कारण जो आधीच अटकेत आहे त्यालाच विचारतात. पण अटक कोणाला करायची हे रस्त्यावर ठरतं. अलामान्समध्ये नेमकं तेच झालं. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने निष्कर्ष जाहीर केले की तिथले पोलीस लॅटिनो ड्रायव्हरना इतरांच्या ४ ते १० पट जास्त वेळा थांबवत होते, आणि तिथला करार आइसने त्याच दिवशी तोडला. शेरीफने आरोप नाकारले, २०१५ मध्ये केंद्राच्या जिल्हा कोर्टाने खटला फेटाळलाही, नंतर तडजोड झाली, हे पण सांगायला हवं.

दुसरं मॉडेल टास्क फोर्सचं, त्यात ट्रेनिंग घेतलेला पोलीस रस्त्यावरच इमिग्रेशनची विचारपूस आणि अटक करू शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फिनिक्सची मॅरिकोपा काउंटी. शेरीफ जो आर्पायोनी २००७ मध्ये करार केला, १६० लोक ट्रेन केले, देशातला सगळ्यात मोठा ताफा. वस्त्यांत झडतीसारख्या मोहिमा चालल्या, काच तडकलीय म्हणून थांबव, इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबव. २००९ मध्ये केंद्राने रस्त्यावरचे अधिकार काढले, २०११ मध्ये उरलेला करारही संपवला, २०१३ मध्ये जज स्नो यांनी निकाल दिला की हे वंशाच्या आधारावर अडवणं होतं आणि घटनेविरुद्ध होतं. आर्पायोंनी कोर्टाचा हुकूम पाळला नाही म्हणून २०१७ मध्ये दोषी ठरले, महिन्याभरात ट्रम्पनी माफी दिली. पण बिल कुणी भरलं? खटला आणि नंतरच्या देखरेखीचा खर्च काउंटीच्या हिशोबाप्रमाणे २० कोटी डॉलरच्या वर गेला, तो तिथल्या घरपट्टी भरणाऱ्यांच्या खिशातून.

मधल्या काळात संसदेच्या ऑडिट खात्याने २००९ मध्ये सांगितलं की मोठे गुन्हेगार पकडायचे हा हेतू करारात धड लिहिलेलाच नाही. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात निघालं की साधारण निम्मे डिटेनर किरकोळ गुन्हे आणि ट्रॅफिकवाल्यांवर होते. दुसरी अर्धी बाजू म्हणजे गंभीर गुन्हेवालेही सापडले, आणि शेरीफ लोक बोट त्यांच्याकडेच दाखवतात, त्यात काही खोटं नाही. २०१२ च्या शेवटी ओबामांच्या काळात रस्त्यावरचं मॉडेल बंद केलं गेलं.

एक गोष्ट ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हती म्हणून मुद्दाम लिहिते. करार नसला तरी जेलमध्ये घेतलेले ठसे केंद्राकडे जातातच, २००८ पासून टप्प्याटप्प्याने ती व्यवस्था सगळ्या देशात झालीय. करार नाही म्हणजे आइसला कळतच नाही असं नाही. फरक एवढा की विचारणारा, कागद भरणारा, धरून ठेवणारा माणूस तुमचा स्वतःचा शेरीफ आहे की नाही.

२०१८ च्या निवडणुकीत मेक्लेनबर्ग आणि वेक दोन्हीकडे करार संपवतो म्हणणारे शेरीफ निवडून आले, आणि डिसेंबरमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या दोघांनी तो संपवला. दहा-बारा वर्षांची व्यवस्था, काउंटी बोर्डाचं मतदान नाही, काही नाही. जसा एका सहीने आला तसाच गेला. जॉर्जियात अटलांटाच्या बाजूच्या ग्विनेट आणि कॉबमध्येही, जिथे आपले लोक भरपूर आहेत, जानेवारी २०२१ मध्ये असंच झालं. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांनी असे करार कायद्यानेच बंद केले.

आता उलटा प्रवाह आहे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी पहिल्याच दिवशी आदेश काढला, रस्त्यावरचं मॉडेल परत आलं. तेव्हा देशात साधारण १३५ करार होते, त्याच वर्षी हजाराच्या पुढे गेले. पूर्वी चार-चार आठवड्यांचं ट्रेनिंग असायचं, आता टास्क फोर्ससाठी ४० तास, तेही ऑनलाइन. वॉरंट बजावण्यापुरतं तिसरं मॉडेल २०१९ मध्ये निघालं, त्याला एक दिवस पुरतो. ऑक्टोबर २०२५ पासून आइस ट्रेन झालेल्या पोलिसांचा पगारही द्यायला लागली, जो इतकी वर्षं काउंटीला पदरचा घालावा लागायचा. ज्या शेरीफकडे पोरं कमी आणि बजेट त्याहून कमी, त्याला हे किती ओढ लावणारं असेल ते समजतं. आणि राजीखुशी हा शब्दही आता सगळीकडे खरा उरला नाही, कारण केंद्र जबरदस्ती करू शकत नसलं तरी राज्य करू शकतं. फ्लोरिडाच्या ६७ च्या ६७ काउंट्यांनी सह्या केल्यात, जॉर्जिया आणि टेक्सासने कायदे केलेत, आमच्याकडे २०२४ पासून ठरावीक गंभीर गुन्ह्यांत आइसला कळवणं आणि डिटेनर पाळणं शेरीफना सक्तीचं आहे.

मग आपल्याला काय. व्हिसा संपल्यावर राहणं हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही, पण नोकरी गेल्यावर एच-वन (नोकरीचा व्हिसा) वाल्याला पुढची सोय करायला ६० दिवस असतात आणि ते कसे संपतात हे आपल्यातल्या कित्येकांनी बघितलंय. अठराच्या वरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा हा कायदा जुनाच आहे, तेव्हा ग्रीन कार्ड किंवा आय-९४ ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रिंट जवळ ठेवा म्हणणारा घाबरट नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन उतरलं त्यात तिघं महाराष्ट्रातले होते.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. काही वर्षांपूर्वी एक एच-फोरवाली, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, मुलगी माझ्या किचनमध्ये उभी होती, मनगटावर निळं झालेलं, ओढणीने झाकत होती. नवऱ्याने तिला सांगून ठेवलं होतं, पोलिसांना फोन केलास तर ते आधी तुझाच व्हिसा बघतील आणि तुलाच परत पाठवतील. मी कितीतरी वेळ समजावत होते की अगं इथले पोलीस ते काम करत नाहीत, आणि अशा बाईसाठी २००० च्या कायद्याने यू व्हिसा नावाची सोय आहे, त्याच्या अर्जावर ही बाई तपासात मदत करतेय असं बहुतेक करून स्थानिक पोलिसांनीच लिहून द्यायचं असतं. तिने फोन केला, पण पटायला दोन तास लागले. ज्या काउंटीत तोच पोलीस दोन्ही कामं करेल तिथे मी तिला काय सांगितलं असतं? लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९७९ मध्येच नियम केला होता की नुसतं इमिग्रेशन बघायला कुणाला हटकायचं नाही, तो याच कारणासाठी, की साक्षीदार आणि मार खाणारे पुढे आले पाहिजेत.

ग्रुपवर लोक करार हवा की नको एवढंच भांडतायत. त्याच्या आधी कुठला करार ते विचारा. जेलचं मॉडेल, वॉरंटचं की रस्त्यावरचं, किती जण ट्रेन होणार, ट्रॅफिकच्या किरकोळ केसला लागू की नाही, थांबवलेल्या लोकांचे आकडे दर महिन्याला बाहेर येणार का, आणि उद्या खटला झाला तर पैसे कुणाचे. माझं ऑफिस त्या बाजूच्या काउंटीतच आहे, सोमवारी संध्याकाळी तिथे बोर्डाची मीटिंग आहे, पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं मिळतात, मी नाव दिलंय. अजून दोघं-तिघं आलात तर प्रश्न वाटून घेऊ.