धक्का कमी होणं वेगळं, धक्का कमी लागणं वेगळं

इंदुरात रायफलीचा विषय निघाला की बटाला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाला, लावायचं रबरी पॅड आणि नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक ही दोन नावं एका दमात घेतली जातात. "पॅड बसवलं, आता .300 रायफलीचा धक्का निम्मा झाला" असं छातीठोकपणे सांगणारे आहेत. "ब्रेक कशाला, चांगलं पॅड असलं की तेच काम होतं" असं म्हणणारेही आहेत. दोन्ही विधानं चूक आहेत आणि एकाच कारणाने चूक आहेत. पॅडने धक्का कमी होत नाही, तो कमी लागतो. ब्रेकने तो खरोखर कमी होतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर पैसे भलत्या जागी जातात आणि कधी कधी भुवईही फुटते.

आपल्याकडे शिकारीची दारं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. त्यामुळे हा प्रश्न पडतो तो मुख्यतः दोघांना. एक, जे नामिबिया, दक्षिण आफ्रिका किंवा कॅनडात रीतसर परवान्यावर शिकार करतात. डोंगर चढायचा म्हणून ते तीन किलोची रायफल घेतात आणि जनावर मोठं म्हणून तिच्यात .300 विन्चेस्टर मॅग्नम हे जोरकस काडतूस भरतात (.300, .375 हे आकडे नळीचा व्यास साधारण किती इंच ते सांगतात). दुसरे, ज्यांच्या घरात आजोबांच्या वेळची .375 परवान्यावर आहे. .22 वर हात बसलेल्यांना यातलं काहीच अनुभवाचं नाही, कारण साडेचार किलोची .22 सेकंदाला जेमतेम 20 सेंटिमीटर वेगाने मागे येते. .315 चालवणाऱ्यांना धक्का ठाऊक आहे, त्यांना मूळ नियम सांगत बसत नाही. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग घेऊन रायफल मागे येते.

या वाक्यातला "वायू" लोक वाचतात आणि विसरतात. सगळी गफलत तिथेच सुरू होते.

आकडे घेऊ. .300 विन्चेस्टर मॅग्नममध्ये 180 ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमला थोडी कमी गोळी सेकंदाला साधारण 900 मीटरने सुटते. तिचा संवेग झाला साडेदहा किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. दारू असते 4.7 ग्रॅमच्या आसपास. वजनात गोळीच्या निम्म्याहूनही कमी, पण नळीच्या तोंडातून वायू सुटतो तो सेकंदाला 1400 मीटरच्या आसपास, गोळीच्या दीडपट वेगाने. त्याचे झाले साडेसहाच्या वर. एकूण 17. म्हणजे खांद्यावर येणाऱ्या धक्क्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा वायूचा आहे. तीन किलोची रायफल यामुळे सेकंदाला 5.7 मीटर वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा होते 49 ज्यूल. तीच रायफल चार किलोची असती तर वेग 4.3 मीटर आणि ऊर्जा 37 ज्यूल.

ब्रेक हात घालतो तो या वायूच्या वाट्यात. गोळी तोंडातून निघाल्यावर मागून येणारा वायू ब्रेकच्या आडव्या भिंतींवर आदळतो आणि बाजूला वळतो. त्याचा पुढे जाणारा संवेग गेला की तेवढा मागे येणाराही गेला. वायू नुसता बाजूला वळवला तरी 17 वरून आपण साडेबाराच्या आसपास येतो. नळीच्या आत असताना वायूने जो धक्का दिला, तो राहतोच. तीन किलोच्या रायफलीची ऊर्जा 49 वरून 26-27 ज्यूलवर उतरते आणि मागे येण्याचा वेग चार किलोच्या बिनब्रेक रायफलीइतका होतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीतून .308 उडवली तर धक्का जवळपास एवढाच असतो. भिंती थोड्या मागे कललेल्या असतील तर फायदा आणखी वाढतो.

आता पॅड. गोळी सुटली, वायू सुटला, रायफलीला 17 चा संवेग मिळून गेला. पॅड त्यानंतर कामाला लागतं आणि त्या 17 मधला कणभरही कमी करत नाही. सगळा संवेग शेवटी तुमच्या शरीरातच उतरतो. पॅड दोनच गोष्टी करतं: थांबायला जास्त वेळ देतं आणि तोच जोर जास्त जागेवर पसरवतं. लेदरचा चेंडू झेलताना हात मागे नेतात, ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी. झोंबणं कमी होतं आणि हा फायदा खरा आहे. जुन्या रायफलींच्या बटावर लोखंडी पट्टी असते. ती काढून 25 मिलिमीटरचं मऊ पॅड बसवलं तर खांद्याला जो आराम पडतो तो कुणीही नाकारू नये.

पण पॅडचं काम खांद्यापाशी संपतं. रायफलीला स्वतःला धक्का पूर्वीइतकाच बसतो. स्कोपच्या रिंगा तेवढ्याच जोराने ओढल्या जातात, दस्त्यातली (रायफलीच्या लाकडी भागातली) रिकॉइल लग, म्हणजे धक्का लाकडाला देणारा लोखंडी खुंट, तेवढ्याच जोराने लाकडावर आदळते, तोंड तेवढंच वर उडतं. पॅड बसवूनही टँगच्या (यंत्रणेच्या मागच्या लोखंडी शेपटीच्या) मागे दस्त्याला चीर गेली तर पॅडला दोष देऊ नका. ते त्या कामासाठी नव्हतंच. तिथे बेडिंग, म्हणजे लोखंडाची लाकडातली बैठक, नीट करून घ्यायचं, टँगच्या मागे कागदाच्या जाडीएवढी फट ठेवायची. .375 किंवा त्यावरच्या रायफलीला दस्त्यातून आरपार जाणारा आडवा बोल्ट हवाच.

फारसं कुणी सांगत नाही असं आणखी एक: मऊ पॅड दबतं, म्हणजे रायफल तुमच्या डोळ्याकडे तेवढी जास्त सरकते. कडक पट्टीवर जो स्कोप भुवईपासून सुखरूप लांब होता, तोच पॅडनंतर भुवईला लागू शकतो. पॅड बदललं की स्कोपही पुन्हा पुढे-मागे करून बसवायचा. जोरकस रायफलीवर डोळा आणि स्कोप यांच्यात 9 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नये. 10 मिळालं तर उत्तम.

पॅड जुन्या पट्टीवर नुसतं चढवणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय. ट्रिगरपासून बटापर्यंतची लांबी 34-35 सेंटिमीटर ठीक असते. त्यावर 25 मिलिमीटर वाढले की बट काखेत अडकतं आणि माणूस ते दंडाच्या सांध्यावर टेकवतो. मग तिथे काळंनिळं पडतं आणि बोल पॅडला लागतो. लाकूड पॅडच्या जाडीइतकं कापूनच पॅड बसवायचं, आणि ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच. बटात बसवायच्या पाऱ्याच्या नळ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांचा जो काही उपयोग होतो तो बहुतेक त्यांच्या वजनाचा, आणि वजनच वाढवायचं तर ते शिशाने स्वस्तात वाढतं.

तोंड वर उडणं ही वेगळी बाब, पण सोपी. नळीची रेषा खांद्याच्या वर जितकी जास्त, तितकी रायफल फिरते. सरळ दस्ता घ्या, विषय संपला.

ब्रेकचीही किंमत मोजावी लागते आणि ती कानाला. साधी रायफलच 160 डेसिबलच्या आसपास आवाज करते. ब्रेक तो वायू बाजूला आणि मागे, म्हणजे तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे, फेकतो. त्यामुळे कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही लावायचे. एकावर भागत नाही. रेंजवर ब्रेकवाल्याच्या शेजारच्या लेनमध्ये कुणाला बसवू नये. खालच्या बाजूला भोकं असलेला ब्रेक झोपून मारताना माळव्याच्या काळ्या मातीचा ढग उडवतो, म्हणून भोकं फक्त बाजूला असलेलाच घ्यावा. त्याचं छिद्र गोळीच्या व्यासापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठं आणि नळीच्या अगदी मध्यावर हवं. आटे तिरके पडले तर गोळी भिंतीला घासते आणि नेम दर वेळी वेगळीकडे जातो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 300 मीटर रायफल स्पर्धांत ब्रेक चालत नाही, हे स्पर्धकांनी आधीच लक्षात ठेवावं.

आणि "धक्क्यामुळे गोळी हुकली" हे वाक्य. गोळी नळीत असेपर्यंत तीन किलोची .300 मागे येते ती जेमतेम 3 मिलिमीटर. खांद्याला जाणवतो तो जवळजवळ सगळा धक्का गोळी गेल्यानंतरचा असतो. गोळी हुकवते ती माणसाची दचक: ट्रिगर दाबण्याआधीच अंग चोरणं, डोळे मिटणं. तपासायचं असेल तर मित्राला रायफल भरायला सांगा आणि मधूनच डमी काडतूस घालायला सांगा. डमीवर घोडा पडला आणि तोंड खाली झुकलं, तर दोष रायफलीचा नाही. ही दचक आवाजानेही लागते, म्हणून कानांची काळजी आधी, पॅड-ब्रेक नंतर. सराव .22 वर करा, मोठ्या रायफलीवर रोज ड्राय फायर करा, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबा, आणि रेंजवर तिच्या दहा-बारा गोळ्यांवर थांबा.

टेबलावरून झिरो करताना, म्हणजे स्कोप नेमाशी जुळवताना, खांदा मागे जायला जागा नसते. झोपून मारताना तर सगळ्यात कमी, म्हणून तिथे धक्का सगळ्यात जास्त लागतो. त्यावर काही जण स्टँडवर 20-25 किलो शिसं लादून रायफल जखडतात. हे करू नका. जो जोर खांदा मागे सरून पचवतो तो लाकडाला पचवावा लागतो आणि हलका दस्ता तडकतो. बट आणि खांदा यांच्यात वाळूची छोटी पिशवी ठेवा, छाती टेबलापासून थोडी सोडवा, टेकण पुढच्या हाताच्या पकडीपाशी घ्या, नळीखाली नाही.

माझी निवड विचाराल तर .300 साठी स्कोप, माउंट आणि भरलेलं मॅगझिन धरून चार किलोच्या आसपासची रायफल, नीट कापून बसवलेलं पॅड, ब्रेक नाही. खरोखर डोंगरच चढायचा असेल आणि तीन किलोच हवी असेल, तर पॅडसोबत ब्रेकही लावा आणि झिरो ब्रेक लावूनच करा, कारण तो काढला की गोळीची जागा बदलते. ब्रेकमुळे रायफल मागे येता येता पुढेही ओढली जाते आणि हा उलटा झटका स्कोपला सोसावा लागतो. म्हणून रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा, उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर, जो बहुधा 2 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या वीस गोळ्यांनंतर ते पुन्हा तपासा.