एलईडी बदललात आणि टॉर्च पेटेना? परत पाठवण्याआधी हे वाचा

"एलईडी खराब निघाला" म्हणून आमच्याकडे जी पाकिटं परत येतात, त्यांतला एलईडी बहुतेक वेळा चांगला असतो. आम्ही दोन तारा लावतो, तो लख्ख पेटतो आणि आम्ही पुन्हा तेच पत्र लिहायला बसतो. ते पत्र या वेळी छापूनच टाकलं आहे.

तुमच्याकडे एका पेन्सिल सेलची, डोकं फिरवून उघडणारी छोटी टॉर्च आहे आणि तुम्हाला साधा डाग, म्हणजे सोल्डरचा टाका, देता येतो, असं धरून चालतो.

एलईडीची गोल पट्टी जागेवर बसवली. लाल तार अधिकवर, काळी उणेवर. खटका दाबला, उजेड पडला, आनंद झाला. मग रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढे फेकणारी चकचकीत वाटी, ठेवून डोकं आवळलं आणि टॉर्च गुडुप. जरा सैल केलं की परत पेटते. ग्राहक इथवर सांगतो, तेव्हा पुढचं आम्हाला ऐकावंच लागत नाही. रिफ्लेक्टर चकाकतो तो अ‍ॅल्युमिनियममुळे. काही अख्खे त्याचेच असतात, काहींत प्लास्टिकवर मुलामा असतो. वीज दोन्हींतून जाते. डोकं आवळलं की रिफ्लेक्टरची खालची कड तुमच्या डागांवर टेकते आणि अधिक-उणे एक होतात. "नीट आवळून बघू" म्हणून पुन्हा पुन्हा पिळू नका. आत लिथियमचा सेल असेल तर तो आणि तारा दोन्ही तापतात.

यातला दुसरा प्रकार जास्त फसवा. बऱ्याच टॉर्चमध्ये बॉडी हीच उणे बाजू असते आणि काही ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट आवरणारं छोटं सर्किट) एलईडीच्या उणे बाजूनेच करंट आवरतात. अशा टॉर्चमध्ये नुसता उणेचा डाग रिफ्लेक्टरला लागला तरी वीज ड्रायव्हरला वळसा घालून जाते आणि तो बाजूला पडतो. टॉर्च पेटते, पण मंद-मध्यम सगळे मोड गायब, एकच झगझगीत उजेड. एका ग्राहकाने यावर आमच्या एलईडीचं तोंडभरून कौतुक केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तोच एलईडी जळाल्याची तक्रार आली.

उपाय सोपा आहे. डाग चपटा ठेवा. टाक्याचा डोंगर झाला असेल तर बारीक टोकाने पुन्हा गरम करून जास्तीचं सोल्डर उचलून घ्या. तार पट्टीला आडवी, बाहेरच्या बाजूला न्या. उभी राहिलेली तार हमखास कड गाठते. पट्टी धातूची आहे, उष्णता खाते, म्हणून आधी पट्टीवर थोडं सोल्डर धरवून घ्या, मग तार लावा. मग पाकिटातली पांढरी प्लास्टिकची चकती एलईडीभोवती बसवा. हो, तीच, जी पॅकिंगचा तुकडा समजून तुम्ही टाकून देता. ती रिफ्लेक्टरला डागांपासून दूर ठेवते आणि एलईडी बरोबर मधोमध धरते. तिच्याऐवजी वहीचा पुठ्ठा कापून घातला तर शॉर्ट टळेल, पण रिफ्लेक्टर वर उचलला जाईल आणि भिंतीवर उजेडाच्या मधोमध काळा ठिपका दिसेल. चकती हरवली असेल तर मोबाइल दुरुस्तीत वापरतात ती पिवळी हीट टेप डागांवर लावा. आमच्याकडे सुट्ट्या चकत्याही मिळतात.

पट्टीखाली थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता बॉडीकडे नेणाऱ्या मलमाचा, अगदी पातळ थर द्या. पट्टी फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवू नका. त्याची वाफ रिफ्लेक्टरवर बसून तो धुरकटतो, आणि पुसायला गेलात तर मुलाम्यावर ओरखडे उठतात.

"लिथियमचा १४५०० सेल चालेल का?" हा प्रश्न रोजचा. मापाने तो पेन्सिल सेलच. १४ मिलिमीटर जाड, ५० लांब. पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो, साधा सेल १.५. ड्रायव्हर तेवढं सोसणारा नसेल तर घालू नका. आम्ही विकतो त्या ड्रायव्हरच्या पाकिटावर व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते.

आणि उजेड कमी वाटतो म्हणून एलईडीवर खर्च करण्याआधी आटे आणि मागची स्प्रिंग स्पिरिटने पुसून पाहा. बॉडीवरचा रंगीत थर वीज वाहू देत नाही. मागच्या झाकणाशी टेकणारी उघडी कड मळली की उजेड मिणमिणता होतो. हे सांगितल्याने आमचा एक एलईडी कमी खपतो, पण पाकीट परत येत नाही.

डाग दिलेला एलईडी आम्ही परत घेत नाही, यावर काहींचा राग असतो. किती वेळ आणि किती तापवला हे आम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि तो दुसऱ्याला नवा म्हणून देणं आमच्याने होणार नाही. म्हणून तारा लावण्याआधीच तपासा. दोन नवे पेन्सिल सेल एकामागे एक धरा, दोन्ही बाजूंना एकेक सुटी तार धरून तारांची दोन टोकं पट्टीच्या अधिक-उणेला क्षणभर टेकवा. पेटला तर एलईडी ठीक आहे. नाही पेटला तर टोकं एकदा उलटी करून पाहा. तरीही नाहीच पेटला, तर तसाच, डाग न देता पाठवा. लगेच बदलून देऊ.

डाग दिल्यावर अडलात तर पट्टीचा फोटो पाठवा. वरून काढलेला नको, बाजूने, डागांची उंची दिसेल असा.