लहान खोलीतील मॉडेल रेल्वे : मांडणीचे नियोजन

रूळ, सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे फाटे), स्थानके, यार्ड (डबे उभे करण्याचे आणि जुळवण्याचे रूळ) आणि भोवतालचा देखावा मिळून मॉडेल रेल्वेचे जे एकसंध चित्र उभे राहते, त्याला मांडणी किंवा लेआउट म्हणतात. साधारण २.४ मी. × ३ मी. किंवा त्याहूनही लहान खोलीत ती बसवायची, तर पहिला खिळा ठोकण्याआधी कागदावर बरेच काम करावे लागते. मोठ्या दालनात अंदाज चुकला तर रूळ हातभर सरकवता येतो. लहान खोलीत सरकवायला जागाच उरत नाही.

आधी प्रमाण ठरते. जगभर सर्वांत रूढ आहे एचओ : प्रमाण १:८७, दोन रुळांतील अंतर १६.५ मिमी. ब्रिटनमधील ओओची गाडी १:७६ प्रमाणात असते, पण ती त्याच १६.५ मिमी. रुळावर धावते. एन प्रमाण १:१६० (९ मिमी.) आणि झेड १:२२० (६.५ मिमी.) ही त्याहून लहान. झेड हे प्रमाण मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणले. एचओमधला देखावा एनमध्ये केला तर सुमारे ३० टक्के क्षेत्रफळात मावतो, म्हणून जागा कमी असली की बरेच जण थेट एनकडे वळतात. पण गाडी लहान झाली तरी ती चालवणारा माणूस तेवढाच राहतो. उभे राहायला ६० ते ७५ सेंमी. रुंदीची वाट लागतेच आणि हात आरामात पोहोचतो तोही ६० ते ७५ सेंमी. एवढाच. फळी छातीइतकी उंच असेल तर त्याहूनही कमी.

लहान खोलीत खरा निर्णय वळणाच्या त्रिज्येचा असतो; बाकीचे बहुतेक निर्णय त्याच्या मागून येतात. एचओमध्ये ४५७ मिमी. (१८ इंच) ही तंग त्रिज्या मानली जाते, आणि तिच्यावर गाडी पूर्ण उलट फिरवायची तरी मीटरभराहून जास्त रुंदी लागते. सुमारे २६ मी. लांबीचा उतारू डबा एचओमध्ये ३० सेंमी. होतो. जाणकारांचा ठोकताळा असा, की त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट असावी. तिप्पट असली तर वळणावरचा डबा नजरेला खटकत नाही. म्हणजे या डब्याला ७५ ते ९० सेंमी. त्रिज्या हवी. उलट १२ मी. लांबीची वाघीण (मालडबा) मॉडेलमध्ये जेमतेम १४ सेंमी.ची असते आणि ४५७ मिमी.च्या वळणावर शोभून दिसते. लहान खोलीसाठी शाखामार्ग, आखूड डबे आणि लहान इंजीन निवडण्यामागे हा हिशोब आहे. ती तडजोड वाटू देऊ नये, कारण आखूड गाडी मोकळ्या वळणावर धावताना फार देखणी दिसते.

अमेरिकी मांडणीकार जॉन आर्मस्ट्राँग (१९२०–२००४) यांनी खोली मोजायची एक सुरेख रीत दिली. किमान त्रिज्येत दोन शेजारच्या मार्गांमधले अंतर दोनदा मिळवायचे आणि तेवढ्या बाजूच्या चौरसांनी खोलीचा नकाशा आखायचा. ४५७ मिमी. त्रिज्या आणि ५१ मिमी. अंतर धरले तर चौरसाची बाजू ५६ सेंमी. येते. पूर्ण फिरत्या वळणाला असे दोन चौरस रुंदी लागते. सुरुवातीला सांगितलेली २.४ × ३ मी.ची खोली या मापाने सव्वाचार × सव्वापाच चौरसांची भरते. मधोमध जीभ (भिंतीकडून खोलीच्या मध्यात शिरणारी फळी) काढून तिच्या टोकाला फिरते वळण द्यायचे ठरवले, तर ३ मी.च्या बाजूत ११२ सेंमी. जिभेला आणि दोन्हीकडच्या वाटांना १२० सेंमी. जातात, भिंतीलगत दोन्हीकडे प्रत्येकी ३४ सेंमी. उरतात. बसते, पण काठोकाठ. एकही रूळ न आखता हे पाच मिनिटांत कळते, म्हणून ही रीत इतकी वर्षे टिकली.

नवखे लोक बहुधा १.२ × २.४ मी.ची अखंड फळी घेतात. तिच्या दोन्ही लांब बाजूंना आणि एका टोकाला वाट सोडली की आपली खोली संपली, आणि एवढे करून ४५७ मिमी.च्या वळणांचे लंबवर्तुळ भरते जेमतेम साडेपाच मीटर. त्याच खोलीत भिंतीलगत ३० ते ४५ सेंमी. रुंदीच्या फळ्या लावल्या तर नऊ मीटरांच्या आसपास धाव मिळते. कोपऱ्यांत त्रिज्याही मोठी घेता येते, आणि पाहणारा वळणाच्या आतल्या बाजूला उभा असल्याने डबे एकमेकांपासून फाकलेले दिसत नाहीत. अडचण दाराची. तिथे उचलता येणारा पूल करावा आणि पूल उचलताच दोन्ही बाजूंच्या रुळांतला वीजप्रवाह तुटेल अशी सोय ठेवावी, नाहीतर इंजीन सरळ जमिनीवर येते.

फेऱ्या मारणाऱ्या गाडीपेक्षा शंटिंगमध्ये, म्हणजे इंजिनाने डबे मागेपुढे करून जुळवण्यात, मन जास्त काळ रमते, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. ब्रिटिश मॉडेलकार अ‍ॅलन राइट यांची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ ही मांडणी त्याचा उत्तम दाखला. दोन सांधे, तीन मार्ग. त्यांवर अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावून गाडी तयार करायची, आणि इंजिनामागच्या मोकळ्या रुळावर एका वेळी तीनच वाघिणी मावतात. असे क्रम ६,७२० होतात. हे सगळे एचओमध्ये दोन मीटरांच्या आत, ३० सेंमी. रुंद फळीवर बसते.

चढणीचा मोह मात्र आवरावा. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये सुमारे १० सेंमी. उंची गाठावी लागते. २ टक्के चढणीने त्याला ५ मी. आणि उतरायला आणखी ५ मी. लागतात, म्हणजे खोलीची संपूर्ण कड. ४ टक्क्यांनी अंतर निम्मे होते, पण इंजीन निम्म्या गाडीवरच दमते.

कागदावर सर्वाधिक फसवतो तो सांधा. ४ क्रमांकाचा सांधा १४ अंशांच्या आसपास फाटतो, ६ क्रमांकाचा साडेनऊ अंशांनी; हाताने काढलेल्या आराखड्यात तो सर्रास तीस अंशांचा होतो आणि कागदावर मावलेले यार्ड फळीवर मावत नाही. म्हणून सांध्यांचे खऱ्या मापाचे कागदी साचे कापून जमिनीवर मांडावेत. लूप लाइनवर (दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला मिळणाऱ्या बाजूच्या मार्गावर) इंजीन आणि पाच वाघिणी धरल्या तर ९५ सेंमी. झाले. आता शेवटची वाघीण साच्यावर ठेवायची आणि शेजारच्या मार्गावरून दुसरी हाताने ढकलत न्यायची. सांध्याजवळ दोघींच्या कडा जिथे घासतात, तिथे पेन्सिलीने खूण करायची. गाडी त्या खुणेच्या आतच थांबली पाहिजे, आणि लूपची उपयोगी लांबी दोन्ही टोकांच्या अशा खुणांमध्ये मोजायची असते.