शी घट्ट आहे म्हणून आतडे ठीक, असे नसते

जुलाबाबद्दल फार सांगायला नको. 24 तासांत 3 किंवा जास्त पातळ शौच झाले की जुलाब. जलसंजीवनी द्यायची, अंगावरचे दूध चालू ठेवायचे आणि 10 ते 14 दिवस जस्त द्यायचे: 6 महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. परवा लागले आणि आज थांबले, हे आईच सांगते.

घोळ ईईडीचा आहे. पूर्ण नाव एन्व्हायर्नमेंटल एंटेरिक डिसफंक्शन, म्हणजे अस्वच्छ परिसरामुळे लहान आतड्यात हळूहळू होणारा बिघाड. त्याला ‘सौम्य जुलाब’ किंवा ‘जुलाबाची पुढची पायरी’ म्हटलेले वारंवार वाचायला मिळते, आणि दोन्ही चूक आहे. ईईडी असलेल्या मुलाला जुलाब असतीलच असे नाही. शी घट्ट, पोट मऊ, खेळणे नेहमीचे. फक्त वयाच्या मानाने उंची मागे पडत जाते.

बिघाड लहान आतड्याच्या अस्तरात असतो. निरोगी अस्तरावर बोटांसारखे उंच, दाट व्हिलाय असतात आणि अन्न शोषायला लागणारी जागा त्यांच्यामुळे मिळते. विष्ठेतले जंतू रोज थोडेथोडे तोंडावाटे पोटात जात राहिले की व्हिलाय आखूड आणि बोथट होतात, त्यांच्या बुडाशी असलेले खळगे खोल होतात, दाहाच्या पेशी साचतात आणि पेशींमधले सांधे सैल पडतात. म्हणजे नुकसान दुहेरी: शोषण घटते आणि जंतूंचे अंश आत झिरपतात. 1960च्या दशकात तेव्हाच्या पाकिस्तानात राहिलेल्या पीस कोअर या अमेरिकी सरकारी सेवा-संस्थेच्या धडधाकट स्वयंसेवकांतही हे बदल आढळले होते. मायदेशी परतल्यावर त्यांचे अस्तर हळूहळू सुधारले.

शौच मोजून हे कळत नाही. त्यासाठी दोन साखरांची चाचणी करतात. ढाका, वेल्लोर, भक्तपूर धरून 8 देशांत मुलांचे आतड्याचे संसर्ग आणि वाढ यांवर झालेल्या ‘माल-ईडी’ अभ्यासात द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम लॅक्ट्युलोज आणि 50 मिलिग्रॅम मॅनिटॉल होते. मात्रा किलोमागे 2 मिलिलिटर, जास्तीत जास्त 20. ते पाजायचे आणि पुढची लघवी गोळा करून दोन्ही साखरा मोजायच्या. मॅनिटॉलचा रेणू लहान असतो. शोषणाची जागा शाबूत असेल तर तो भरपूर आत जातो आणि लघवीत उतरतो. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा, तो सैल सांध्यांतून झिरपला तरच आत जातो. म्हणून लॅक्ट्युलोज भागिले मॅनिटॉल हे गुणोत्तर वाढले की आतडे बिघडले, असे वाचतात.

पण नुसते गुणोत्तर छापणारे अहवाल अर्धेच असतात. गुणोत्तर सांधे सैल झाल्यामुळे वाढले, की जागा आक्रसल्यामुळे? आकडा दोन्हींत एकच येऊ शकतो, बिघाड मात्र वेगळा. म्हणून दोन्ही साखरांची उत्सर्जित टक्केवारी, म्हणजे पाजलेल्यापैकी किती टक्के लघवीत उतरली, ती स्वतंत्र दिलीच पाहिजे. आणि ती द्यायची तर लघवी सांडून चालत नाही. पिशवी गळली तर दोन्ही साखरा सारख्याच प्रमाणात हुकतात, त्यामुळे गुणोत्तर बहुतेक तगते, टक्केवारी मात्र खोटी ठरते. दुसरी खोट जास्त फसवी आहे. खाण्यातूनही मॅनिटॉल पोटात जाते. ते लघवीत मिसळले की गुणोत्तर खाली येते आणि आजारी आतडे निरोगी दिसते. म्हणून द्रावण पाजण्याआधीचा लघवीचा नमुना हवाच.

विष्ठेतले मायलोपेरॉक्सिडेज किंवा निओप्टेरिन (दोन्ही आतड्याचा दाह दाखवणारे पदार्थ) वाढले म्हणून लगेच ईईडी ठरवू नये. निरोगी तान्ह्यांतही हे आकडे चढे असतात. वयाशी ताडल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

हा फरक विसरला की मोठ्या अभ्यासांचे निष्कर्षही उलटे वाचले जातात. पाणी, शौचालय आणि हात धुणे यांचा मुलांवर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या बांगलादेशातल्या ‘वॉश बेनिफिट्स’ चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. शौचालये आणि हात धुण्याच्या सोयींमुळे जुलाब घटले, मुलांची उंची मात्र इतरांपेक्षा वाढली नाही. त्यावरून ‘स्वच्छतेचा वाढीशी संबंध नाही’ असे लिहिले गेले. इतके त्यातून निघत नाही. जुलाब घटले म्हणजे रोज पोटात जाणारी घाण थांबली, असे धरता येत नाही. ‘माल-ईडी’तही कॅम्पिलोबॅक्टर या आतड्यातल्या जिवाणूचा संसर्ग जुलाब नसलेल्या मुलांत सापडला आणि त्याचा संबंध कमी उंचीशी दिसला.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे: जुलाब चालू असताना साखरांची चाचणी करू नये. तीव्र संसर्गातही अस्तर तात्पुरते गळते आणि गुणोत्तर चढते. मग कागदावर ईईडी म्हणून जे उतरते, ते त्या आठवड्यातले जुलाब असतात.