अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स : समीक्षा आणि प्रतिसाद

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘द हेज नाइट’ या दीर्घकथेवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका. सहा भागांचे पहिले पर्व एचबीओ वाहिनीवर १८ जानेवारी ते २२ फेब्रुवारी २०२६ या काळात प्रसारित झाले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–१९) या मालिकेची ही पूर्वकथा असून त्याच जगात घडणाऱ्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’नंतर (२०२२ पासून) आलेली दुसरी. लेखन व निर्मितीची सूत्रे आयरा पार्कर यांच्याकडे होती. दिग्दर्शन ओवेन हॅरिस व सेरा अडीना स्मिथ यांचे. चित्रीकरण २०२४ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये झाले. डंक या तरुण नायकाची भूमिका पीटर क्लॅफी या माजी रग्बीपटूने, तर त्याचा पोरसवदा सोबती एग याची डेक्स्टर सोल अँसेल या बालकलाकाराने केली आहे.

मूळ कथा १९९८ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेल्या ‘लेजंड्स’ या संग्रहात आली. त्यानंतर ‘द स्वॉर्न स्वोर्ड’ व ‘द मिस्टरी नाइट’ (२०१०) या कथा आल्या. यांपैकी पहिलीचे प्रकाशनवर्ष कोठे २००३, तर कोठे २००४ असे दिलेले आढळते. ब्रिटिश व अमेरिकन आवृत्त्यांच्या तारखा वेगळ्या असल्याने हा घोळ झालेला दिसतो. तिन्ही कथा २०१५ मध्ये गॅरी जियानी यांच्या चित्रांसह एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि त्या पुस्तकाचेच नाव पुढे मालिकेने घेतले.

‘हेज नाइट’ या संज्ञेचा उगम व तिचा मराठी पर्याय हे दोन्ही थोडे गुंतागुंतीचे आहेत. कथेतील खुलासा सरळ आहे : ज्या नाइटला, म्हणजे शपथबद्ध घोडेस्वार योद्ध्याला, गढी नाही, धनी नाही, जो रात्री कुंपणाच्या आडोशाला झोपतो तो. मात्र ‘हेज’ (कुंपण) हे तुच्छतादर्शक विशेषण इंग्रजीत मार्टिन यांच्या कितीतरी आधीपासून आहे. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये ‘हेज-प्रीस्ट’ म्हणजे अडाणी, बेवारस पाद्री येतो, तर आयर्लंडमधील अठराव्या शतकातील चोरून भरणाऱ्या शाळांना ‘हेज-स्कूल’ म्हणत. त्यामुळे संज्ञा सर्वस्वी लेखकाने घडवली असे मानण्यापेक्षा, जुन्या विशेषणाला त्याने एका निश्चित सामाजिक थराचे नाव केले असे म्हणणे अधिक योग्य वाटते. मराठीत ‘भटका सरदार’ हा पर्याय सुचतो, पण सरदाराला जहागीर असते आणि डंकपाशी नेमके तेच नाही. मराठा लष्करात सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. साधनांच्या दृष्टीने डंक हा शिलेदारच. मृत मालकाचे तीन घोडे, तलवार आणि ढाल एवढीच त्याची दौलत, आणि चिलखत घ्यायला त्यातला एक घोडा त्याला विकावा लागतो. शिलेदार या शब्दातली प्रतिष्ठा मात्र त्याच्या वाट्याला नाही. म्हणून येथे ‘नाइट’ हाच शब्द ठेवला आहे.

कथेच्या कालनिश्चितीतही मतभेद आहेत. वाहिनीने ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या ‘शतकभर आधी’ असे म्हटले, तर पुस्तकांविषयीच्या लेखनात ‘सुमारे ९० वर्षे’ असे येते. अ‍ॅशफर्डची स्पर्धा, जिच्याभोवती ही कथा घडते ती, साधारणपणे त्या जगातील २०९ या वर्षी आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या मूळ कादंबऱ्यांचा प्रारंभ २९८ मध्ये धरला जातो. त्या हिशोबाने अंतर ८९ वर्षांचे. ‘शतक’ हा ढोबळ आकडा समजावा. शेवटचा ड्रॅगन मरूनही तोवर पन्नासहून अधिक वर्षे झालेली असतात. या मालिकेत जादू जवळपास नाही, त्याचे कारण कथेच्या काळातच आहे.

पहिल्या पर्वाचे समीक्षकांनी एकंदरीत उत्तम स्वागत केले. रॉटन टोमॅटोज या संकलनस्थळावर अनुकूल परीक्षणांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे राहिले. स्तुतीचा मुख्य विषय म्हणजे मालिकेचा आटोपशीरपणा : साधारण अर्ध्या-पाऊण तासाचे भाग, एक कुरण, एक स्पर्धा, आणि सिंहासनाच्या झगड्याऐवजी एका माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न. आधीच्या मालिकांतील विस्तीर्ण शीर्षकदृश्यही येथे नाही, साधी नामपाटी आहे. दोन्ही प्रमुख कलावंतांमधील मेळ बहुतेक परीक्षणांत नावाजला गेला.

प्रतिकूल मते प्रामुख्याने दोन. पहिले विनोदाविषयी. पहिल्याच भागात जुन्या मालिकेचे गाजलेले संगीत चढू लागते आणि एकदम तुटून डंक उघड्यावर शौचास बसलेला दिसतो. काहींना यात वीरगाथेच्या भारदस्तपणाला दिलेला योग्य धक्का दिसला, काहींना निव्वळ ओंगळपणा. दुसरा आक्षेप असा की, एका दीर्घकथेचा ऐवज सहा भागांना पुरत नाही. पाचव्या भागात ऐन द्वंद्वाच्या वेळी डंकच्या बालपणात जाणारा, मूळ कथेत नसलेला मोठा भाग घातला आहे, त्यावरही दुमत झाले. हे बालपण राजधानीच्या फ्ली बॉटम या गलिच्छ वस्तीतले आहे. ती वस्ती पाहिल्यावर डंकच्या धीम्या, दबलेल्या वागण्याचे मूळ कळते. त्यामुळे ही भर निरर्थक म्हणता येत नाही.

मैत्रीच्या चित्रणाविषयी परीक्षणांचा भर डंक आणि एग यांच्यातील विसंगतीवर राहिला : ताडमाड, अशिक्षित तरुण आणि तुळतुळीत डोक्याचा चुणचुणीत पोरगा. परंतु या मैत्रीचा पाया दोन लपवाछपव्यांवर आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. एग हा राजपुत्र एगॉन टार्गेरियन. तो कूळ लपवून डंकचा हरकाम्या होतो. डंकला त्याचे मालक सर आर्लन यांनी मरण्यापूर्वी खरोखर नाइट केले होते काय, हेही कथेत अनिश्चित आहे. साक्षीला काटेरी झाडावरचा एक पक्षी तेवढा होता, असे तो सांगतो. नाइट करण्याचा अधिकार नाइटलाच असतो, आणि रेमन फॉसोवे या तरुणाला नाइट करण्याची वेळ येते तेव्हा डंक अडखळतो, ते काम लायनेल बराथिऑन हा सरदार उरकतो. डंकला नाइटची दीक्षा मिळालीच नव्हती, असे मानणाऱ्या वाचकांचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. तसे असल्यास राजपुत्र चाकर होतो आणि चाकर नाइट होतो, असा हा दुहेरी वेषांतराचा खेळ ठरतो. एका कठपुतळीवाल्या मुलीला मारणाऱ्या राजपुत्रावर डंक हात उचलतो. नाइटची शपथ दुर्बळांच्या रक्षणाची. ती बहुधा न घेतलेलाच माणूस ती पाळतो. त्यापायी होणाऱ्या सात विरुद्ध सात द्वंद्वात युवराज बेलर त्याच्या बाजूने उतरतो आणि सख्ख्या भावाच्या गदेचा घाव लागून मरतो. एका चाकरासाठी राज्याने वारस गमावला, ही बोच डंकला पुढे सुटत नाही. मालिका ‘हलकीफुलकी’ असल्याचे वर्णन ज्या परीक्षणांत आले, त्यांत हा भार पुरेसा उतरलेला नाही.

मूळ कथेशी मालिका इमानी असल्याबद्दल मार्टिन यांनी जाहीर समाधान व्यक्त केले होते. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या पर्वातील बदलांवर त्यांनी २०२४ मध्ये उघड टीका केली होती, त्यामुळे या पसंतीला वजन आले. पहिले पर्व प्रसारित होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दुसरे पर्व मंजूर झाले. ते ‘द स्वॉर्न स्वोर्ड’ या कथेवर आधारित आहे.